टाकीपाशी सेल्फ लागत नाही

धाकटीची गाडी गॅरेजच्या दारात आली की करंट आधी चहा सांगायचा आणि मग बॉनेट उघडायचा. बहीण म्हणून नव्हे, तिच्या गाडीचं दुखणंच तसं होतं. घाईने बघून काही हाती लागायचं नाही.

करंट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उभी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, त्यात बोलणंही झटका बसावा असं तुटक, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. खऱ्या नावाने फक्त बायको हाक मारायची, तीसुद्धा रागावली म्हणजे. धाकटी त्याला दादा म्हणायची, आणि तो तिला धाकटी. आता तिचेही केस पिकू लागले होते, तरी ती धाकटीच.

तिची व्हॅन जुनी. आधी तिचा नवरा चालवायचा. त्याची नजर अधू झाली तसं तिने स्टिअरिंग हातात घेतलं. डायलिसिसच्या पेशंटना घरून उचलायचं, इस्पितळात सोडायचं, मशीनवरून उतरले की परत घरी पोचवायचं. एक दिवस आड, सकाळी. गाडीत बसणारे सगळे थकलेले, पण जिभेला विश्रांती नाही. एकमेकांच्या हाताच्या सुया, पथ्य, सुना, जावई, सगळं त्या गाडीत निघायचं. धाकटी म्हणायची, माझं अर्धं माहेर आता गाडीतच आहे.

"दादा, परत तसंच केलं बघ," ती उतरताच म्हणाली. "चावी फिरवली की नुसतं टक. पुढे काही नाही."

करंट आत बसला. चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बंद केली, परत फिरवली. परत सुरू. असं कितीदा केलं तरी इंजिन फिरवणारा सेल्फ आपला तयारच.

"इथे आली की शहाणी होते," धाकटी वैतागून म्हणाली. "माहेरी आलेल्या सुनेसारखी."

"सून सासरी येते. माहेरी लेक येते."

"ते तू बघ. गाडी नीट कर."

करंटने काय काय केलं नव्हतं? बॅटरीची टर्मिनल घासून चकचकीत केली होती. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी आतून कुजलेली सापडली, तेव्हा त्याला वाटलं होतं, सापडला चोर. पट्टी बदलली. दोन खेपा गाडी बरी चालली आणि मग पुन्हा टक. त्याने सेल्फ खाली उतरवला, खोलला, आतले झिजलेले कार्बन बदलले, बुशला तेल दिलं, सेल्फला वीज देणारा सोलेनॉइड नवा घातला. प्रत्येक वेळी धाकटी हसत गेली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली.

असलं येत-जात राहणारं दुखणं मेकॅनिकच्या मुळावर येतं. गाडी ठार बंद असेल तर ती खोटं बोलत नाही. पण अधूनमधून बिघडणारी गाडी म्हणजे डॉक्टरपुढे बसल्यावर ज्याची पोटदुखी थांबते असा पेशंट. दुखेल तेव्हा आपण जवळ असलो तरच खरं काय ते कळणार.

एरवी करंटने ते हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या खेपेला हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गाडीत गल्लीतल्या शिंप्याची आई होती. सगळे तिला आजी म्हणत. फुप्फुसात पाणी भरलेलं, श्वास लागलेला, आणि गाडी वाटेतल्या थांब्यावर टक टक करत उभी. पोचल्यावर आजीला आधी ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर धाकटीला सगळ्यांदेखत बोलले, "गाडीचा भरवसा नसेल तर सांगा. आम्ही दुसरी सोय बघतो. माणसाचा जीव आहे."

ते धाकटीने एका दमात सांगून टाकलं. करंटने चहाचा पेला खाली ठेवला.

"नीट आठवून सांग. बंद कधी पडते? गार असताना, का तापल्यावर?"

"दोन्ही."

"पावसात? खड्ड्यातून गेल्यावर?"

"नाही." ती जरा घुटमळली. "दादा, वेळेचं काही नाही. जागेचं आहे."

"म्हणजे?"

"टाकीपाशी. पाण्याच्या टाकीखाली तो थांबा आहे ना, तिथे. दुसरीकडे कुठेच नाही. फक्त तिथे."

करंट हसला. "गाडीला जागा कळते होय?"

धाकटी हसली नाही.

टाकीच्या थांब्यावरून पूर्वी दोघे चढायचे. एक निवृत्त पोस्टमन आणि दुसरे घड्याळकाका. घड्याळकाकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतः कधी वेळेवर आले नाहीत. गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला, पोस्टमन बसलासुद्धा, की मग काकांचं दार उघडायचं. काठी टेकत, मधे मधे थांबत, श्वास घेत ते यायचे. सगळे ओरडायचे, "काका, तुमचं घड्याळ मागे आहे!" काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे आणि चढायचे. उन्हाळ्यात ते गेले. आपल्या घरी, झोपेत. त्यात कुणाची चूक नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं. पोस्टमनने खांदा दिला, आणि पुढच्या खेपेपासून तो एकटाच चढू लागला.

"तेव्हापासून?" करंटने विचारलं.

"तेव्हापासून."

"मग तिथे इंजिन बंदच करू नकोस."

"तसंही करून पाहिलं. उभ्या गाडीचा धूर आत येतो, आजीला उलट्या होतात. थांब्यावर बंद करावीच लागते रे." मग ती हलकेच म्हणाली, "तू एकदा बरोबर चल. मला तिथे... बरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी करंट हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसला. उजाडलं होतं, पण ऊन अजून रस्त्यावर उतरलं नव्हतं. वाटेत आजी चढली. करंटची तिची जुनी ओळख होती. तिने नातवाचं कौतुक सांगायला घेतलं, आणि टाकी दिसू लागली तशी वाक्य अर्धंच सोडून गप्प झाली. करंटच्या लक्षात आलं, धाकटीच्या पाठीमागची जागा आजीने रिकामी सोडली होती. चढायला उतरायला ती सगळ्यात सोयीची, तरी ती अवघडून पलीकडे बसली होती.

टाकीखाली ओल होती. सिमेंटच्या खांबांवरून पाणी झिरपून हिरवं शेवाळ धरलेलं. मागे बैठ्या खोल्यांची रांग, त्यातल्या एका दाराला कुलूप. पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. धाकटीने इंजिन बंद केलं. पोस्टमन हळूहळू चढला, करंटकडे बघून मान हलवली, आणि तोही ती जागा सोडून मागे आला. सरकतं दार लागलं.

धाकटीने चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

खरं सांगायचं तर करंटला त्या क्षणी आनंद झाला. इतके दिवस हुलकावणी देणारा बिघाड आज त्याच्या डोळ्यांसमोर होता. तो पिशवी घेऊन उडी मारून उतरला. हँडब्रेक ओढायला लावला, गाडी न्यूट्रल आहे याची खात्री केली, चाकांना दगड लावले, पोतं अंथरलं आणि दाराच्या बाजूने पाठीवर गाडीखाली सरकला.

"मी सांगेन तेव्हा चावी मार!" त्याने आतून ओरडून सांगितलं.

टेस्ट लॅम्पचा चिमटा त्याने इंजिनाला लावला, टोक सोलेनॉइडच्या तारेला. "मार!" टक झालं आणि दिवा लख्ख पेटला. म्हणजे चावीकडून वीज येत होती. जाड केबल पाहिली. दिवा लख्ख. अर्थिंग पाहिलं. त्यातही खोट नव्हती. सगळं जिथल्या तिथे, आणि सेल्फ मात्र फिरत नव्हता. त्याने पान्याने सेल्फच्या अंगावर दोन ठोके दिले. अडकलेला कार्बन असेल तर तेवढ्याने सुटतो.

"मार परत!"

टक.

त्याने सेल्फवर तळवा ठेवला. चावी फिरली की आतलं सगळं ताणलं जात होतं, जोर लावत होतं. पण कुणीतरी पलीकडून धरून ठेवावं तसं जागचं हलत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या हाताला असं काही लागलं नव्हतं. त्याने हात काढून घेतला.

मग पत्र्यातून, अगदी त्याच्या डोक्यावरून, आजीचा आवाज आला. हळू. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलल्यासारखा.

"दार उघड गं पोरी... किती ताटकळत ठेवशील त्याला..."

 कुणीतरी जड पावलांनी पुढे गेलं, बहुतेक पोस्टमन. दार सरकल्याचा आवाज झाला.

करंटने मान वळवली. गाडीचा पत्रा आणि रस्ता यांच्यामधली ती उजेडाची आडवी पट्टी त्याला दिसत होती. ओला रस्ता, त्याच्या बुटांची टोकं, एक वाळकं पान. त्यापलीकडे काही नाही. पाय नाहीत. काठी नाही.

पण काठी वाजली.

रस्त्यावर, जवळच. मग थांबली. कुणीतरी श्वास घेतला, घशात घरघर असलेला, लांब. पुन्हा काठी. आता ती त्याच्या बुटांपाशी होती. करंटने पाय आत ओढून घेतले. का घेतले ते त्यालाही कळलं नाही. गर्दीत कुणाला वाट देताना घेतो तसे घेतले.

वास आला. जुनी घड्याळं ज्यात बुडवून धुतात त्या पेट्रोलचा, आणि त्याखाली इस्पितळाच्या स्पिरिटचा.

आणि मग गाडी खाली बसली.

एकदम नाही. आधी दाराची पायरी वाकली. मग स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, एकेक करत दबले, आणि इंजिनाचं काळं तेलकट पोट करंटच्या तोंडाकडे सरकलं. गंजाचा चुरा त्याच्या गालावर, पापण्यांवर पडला. तो ओरडायला गेला, पण तोंड उघडलं असतं तर ओठ लोखंडाला लागले असते. एक क्षण तो सगळा भार त्या एका बाजूला तोलला गेला, म्हातारं माणूस दांडी धरून दम खातं तसा. मग गाडी हलकेच डुलली. भार आत गेला. पुढे सरकला. धाकटीच्या मागे जाऊन थांबला.

दार लागलं.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी धाकटीने चावी फिरवली, आणि करंटच्या कानाशी सेल्फ गर्रकन फिरून इंजिन सुरू झालं. नव्या गाडीचं व्हावं तसं.

तो कसा बाहेर आला ते त्याला आठवत नाही. पोतं तिथेच राहिलं. गाडीत चढला तेव्हा सगळे खिडकीबाहेर बघत होते. ती जागा रिकामीच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आरशात धाकटीचा चेहरा मेणासारखा दिसत होता, आणि मान पुढे काढून, खांदे आवळून ती गाडी चालवत होती. पाठीवर कुणीतरी गार हात ठेवावा आणि तो झटकताही येऊ नये, तशी.

इस्पितळाच्या आवारात धाकटी आजीला आत घेऊन गेली तेव्हा करंटने पोस्टमनला बाजूला घेतलं.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"दार उघडलं की सुरू होते, एवढं कळायला फार दिवस नाही लागले." पोस्टमन हातातली पिशवी कुरवाळत म्हणाला. "आम्ही बोललो नाही. कुणापुढे बोलायचं? आणि वाटलं... जाऊ दे. इतकी वर्षं बरोबर आलो. येतोय तर येऊ दे."

"मग आज सगळे इतके घाबरलात का?"

पोस्टमनने आजूबाजूला पाहिलं. "आधी तो मागे बसायचा. कोपऱ्यात. मग मधल्या बाकावर आला. आता तुझ्या बहिणीच्या मागे. म्हणून तर मागच्या खेपेला तिने कितीतरी वेळ दार उघडू दिलं नाही. तिच्या कानाशी काहीतरी बोलतो असं ती म्हणते... शब्द कळत नाहीत म्हणे." तो थांबला. "माझा मित्र होता, करंट. पण आता जो चढतो ना... तो माझ्याकडे बघत नाही."

परतीच्या वाटेवर धाकटी रडली. गाडी विकते म्हणाली. पण विकून खाणार काय, आणि त्या पेशंटना नेणार कोण?

करंट रात्रभर कुशी बदलत राहिला. सेल्फमध्ये काही दोष नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याला दुसरं येत काय होतं? मंत्र येत नव्हते, तंत्र येत नव्हतं. येत होती ती हत्यारं. सकाळी तो बाजारात गेला आणि कोरा करकरीत सेल्फ घेऊन आला. जुना उतरवून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला. नवी जाड केबल ओढली, बॅटरी नवी बसवली. शेवटचा बोल्ट आवळताना तो पुटपुटला, "काका, माफ करा. पण गाडीत आजारी माणसं असतात."

पुढच्या खेपेला तो पुन्हा बरोबर गेला. टाकीपाशी पोस्टमन चढला. दार लागलं. आजीने डोळे मिटून घेतले. धाकटीने देवाचं नाव घेतलं की भावाचं, कोण जाणे, पण ओठ हलले आणि तिने चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

 गाडी टाकीखालून निघाली, वळणावर आली. पोस्टमन मागच्या काचेतून बघत राहिला. वळण संपेपर्यंत बघत राहिला.

"काय दिसलं?" करंटने विचारलं.

"काही नाही," पोस्टमन म्हणाला. पण त्याने हात वर केला होता, कुणाला तरी थांब म्हणावं तसा, आणि तो खाली घ्यायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.

परतताना मात्र गाडीत पुन्हा गप्पा सुरू झाल्या. आजीने नातवाचं राहिलेलं कौतुक पुरं केलं. धाकटी मान सैल सोडून बसली होती. तिने एक जुनं गाणंही गुणगुणलं. घरी उतरताना ती म्हणाली, "दादा, आज पाठ हलकी वाटतेय." करंटला वाटलं, सुटलो. त्या रात्री तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

त्यापुढच्या खेपेला खरं म्हणजे त्याने जायची गरज नव्हती. पण धाकटी म्हणाली, एकदाच चल, म्हणजे मनातली धाकधूक जाईल. टाकीपाशी गाडी पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू झाली. पोस्टमनने या वेळी मागे पाहिलं नाही. करंट मागच्या बाकावर पाय पसरून आरामात बसला. शेजारची जागा मोकळी होती, तिथे त्याने हत्यारांची पिशवी ठेवली होती.

त्या दिवसापासून एक नवी पेशंट येणार होती. टाकीपासून बरंच पुढे, पुलापलीकडच्या नव्या वस्तीत राहणारी. तिकडे नुकत्याच राहायला आलेल्या बाई, इथल्या कुणाला ओळखत नव्हत्या. इस्पितळाने फक्त पत्ता दिला होता. फाटकाशी त्या शाल पांघरून उभ्या होत्या. धाकटीने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. करंटने हात लांब करून आतून दार सरकवलं.

बाई लगेच चढल्या नाहीत. बाजूला सरकून, पायरीकडे बघत त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चढल्या, दम घेतला आणि दाराजवळच्या जागेवर बसल्या.

"गाडी चांगली वेळेवर आली हो," त्या म्हणाल्या. "पण तुमचे ते आजोबा केव्हाचे ताटकळलेत. चालत आलेत म्हणे, तिकडून टाकीपासून. पाय केवढे सुजलेत त्यांचे."

आजीने पोस्टमनची बाही धरली.

"कोण आजोबा?" धाकटीने विचारलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आता नाव नाही विचारलं मी. पण बोलके आहेत. सारखं एकच विचारत होते..." बाईंनी गाडीतल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आजीकडे, पोस्टमनकडे, आणि मग करंटकडे. "गाडीखाली झोपला होता तो माणूस आज आलाय का, म्हणून."

 करंटची नजर उघड्या दाराकडे होती. बाहेर फाटक, फाटकाला टेकवलेला झाडू, ऊन. दुसरं काही नाही.

"तुम्हीच का ते?" बाई हसून म्हणाल्या. "मग ती पिशवी उचला की तिथली."

आणि त्यांनी शाल सावरली, गुडघे आत ओढून घेतले. मागच्या बाकाकडे जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.